देश जोडला गेला. घर जोडलें गेलें काय?

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारून झाली, कडुनिंबाचा प्रसाद वांटून झाला, म्हणजे नवें पंचांग पाटावर ठेवून त्यांतील संवत्सरफल घरांतील सर्व मंडळींस वाचून दाखवावयाचें, ही चाल आमच्या घरीं अद्याप चालू आहे. पाऊस किती आढक, धान्य कोणतें महाग, कोणतें स्वस्त, हें ऐकण्याची हौस लहानथोरांस सारखीच असते. गेलीं कांहीं वर्षें या वाचनास मीं एक पुरवणी जोडली आहे. देशांत इंटरनेटच्या जोडण्या किती झाल्या, फोनवरून पैशांचे व्यवहार किती झाले, याचे आंकडे सरकारी अहवालांतून दरवर्षीं प्रसिद्ध होतात. ते मी एका वहींत उतरून ठेवितों आणि पाडव्याच्या दिवशीं मुलांस वाचून दाखवितों. पंचांगांतील फल पुढच्या वर्षाचें असतें आणि तें खरें ठरेलच असें नाहीं. हें फल मागच्या वर्षाचें असतें आणि मोजलेलें असतें. तथापि मोजलेल्या आंकड्याचा अर्थहि आपणांस कळलाच असें मानणें किती चुकीचें आहे, हें मला माझ्याच घरांत ठेंच लागून कळलें. ती हकीकत सांगण्यापूर्वीं आंकड्यांची ओळख करून देणें अवश्य आहे.

आपल्या देशांत इंटरनेटचा उगम विद्यापीठीय मंडळींत झाला. १९८६ सालीं केंद्र सरकारनें ‘अर्नेट’ नांवाची योजना हातीं घेऊन कांहीं थोड्या शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था गणकयंत्रांच्या द्वारें एकमेकींस जोडण्यास प्रारंभ केला. त्यांत मुंबईच्या आय.आय.टी.चा समावेश होता. सामान्य नागरिकांस हें दार उघडलें तें १९९५ च्या १५ ऑगस्टला. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरीं ही सोय सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून गणकयंत्रानें नंबर फिरवावा, कर्कश आवाज व्हावेत, आणि दैव अनुकूल असेल तर जोडणी मिळावी, अशी तेव्हांची रीत होती. वर्षाकांठीं अडीचशे तासांसाठीं एका व्यक्तीस हजारों रुपये मोजावे लागत. त्याच वर्षीं, १५ दिवस आधीं, म्हणजे ३१ जुलैस, बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशीं संभाषण केलें, आणि देशांत मोबाईल फोनचा आरंभ झाला. त्या फोनवर बोलणाराला तर पैसे पडतच, परंतु ऐकणारालाहि पडत! अशा वस्तूकडे शाळामास्तरानें दुरून पाहावें, एवढेंच त्या वेळीं शक्य होतें.

त्यानंतरचीं जवळजवळ वीस वर्षें वाढ झाली ती बेतानें. खरी उसळी आली ती २०१६ सालीं. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत ‘जिओ’ कंपनीनें आपली सेवा सुरू केली, आणि प्रारंभीचे कांहीं महिने ती फुकट दिली. मग इतर कंपन्यांसहि दर उतरवावे लागले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या अहवालांतील दोन वर्षांचे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे सारा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. मोबाईलवरील इंटरनेटचा वापर ज्या मापानें मोजतात त्यास जी.बी. म्हणतात. २०१४ सालीं एका जी.बी.मागें ग्राहकास सरासरी २६९ रुपये पडत. २०१८ सालीं तें मान पावणेबारा रुपयांवर आलें. दर तेवीसपट उतरला. उलट दर ग्राहकाचा मासिक वापर त्याच काळांत पाव जी.बी.हून किंचित अधिक होता, तो साडेसात जी.बी.च्या वर गेला. किंमत उतरली कीं खप वाढतो हें अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवितात. परंतु त्या धड्याचें इतकें ढळढळीत उदाहरण मीं दुसरें पाहिलें नाहीं.

जोडण्यांची संख्याहि तशीच चढत गेली. मार्च २०१४ मध्यें देशांत इंटरनेटच्या जोडण्या सुमारें २५ कोटि होत्या. मार्च २०२४ मध्यें त्या ९५ कोटींच्या वर गेल्या, आणि २०२५ च्या जून महिन्यांत त्यांनीं १०० कोटींचा टप्पा ओलांडला. पैशाच्या देवघेवीची गोष्ट याहूनहि नवलाची. फोनवरून क्षणांत पैसे पोंचविणारी ‘यू.पी.आय.’ ही पद्धति एप्रिल २०१६ मध्यें जाहीर झाली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि लोकांस ती पद्धति शिकणें भाग पडलें. २०१७-१८ या आर्थिक वर्षांत तिच्या द्वारें सुमारें ९२ कोटि व्यवहार झाले. २०२३-२४ मध्यें १३ हजार कोटींहून अधिक. आणि २०२५ च्या ऑगस्ट या एकाच महिन्यांत २ हजार कोटींहून अधिक! आतां आमच्या गांवच्या मंडईंत कोथिंबिरीची जुडी घेतली तरी भाजीवाली मावशी तराजूला टांगलेल्या चौकोनी चित्राकडे बोट दाखविते.

हे आंकडे वाचतांना मला, खरें सांगावयाचें तर, अभिमान वाटे. मीं आपल्या घराचीहि गणना केली. आमच्या घरांत एकूण अकरा माणसें. फोन आठ, त्यांपैकीं एकांत दोन सिमकार्डें, आणि भिंतीवरून आंत आणलेली एक स्वतंत्र तार. म्हणजे दहा जोडण्या. अकरा माणसांस दहा जोडण्या! देशाच्या पुढें आमचें घर चार पावलें आहे, असें मीं पाडव्यास मोठ्या दिमाखानें सांगितलें.

येथेंच माझी चूक झाली. मोजली गेली होती ती जोडणी, माणूस नव्हे. ज्याच्या खिशांत दोन सिमकार्डें आहेत तो या हिशेबांत दोनदां मोजला जातो. उलट ज्या घरांत एकच फोन पांच जणांच्या हातीं फिरतो तें घर एकदांच मोजलें जातें. आणि जो फोन आजीच्या नांवानें घेतला परंतु नातवाच्या हातीं असतो, तो आजीच्या खात्यावर मांडला जातो.

घराचा आंकडा आणि माणसाचा आंकडा यांत केवढें अंतर असूं शकतें, हें सरकारच्याच दुसऱ्या पाहण्यांवरून दिसतें. राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणें २०१७-१८ सालीं देशांतील शेंकडा २४ घरांत इंटरनेटची सोय होती. परंतु पांच वर्षांवरील माणसांपैकीं तें वापरतां येत होतें तें शेंकडा २० जणांसच. २०२५ च्या आरंभींच्या पाहणींत अशी सोय असलेलीं घरें शेंकडा ८६ वर गेलीं. सात वर्षांत केवढी ही मजल! परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनें २०१९ ते २०२१ या काळांत माणसांनाच वेगवेगळें विचारलें कीं, तुम्हीं स्वतः कधीं तरी इंटरनेट वापरलें आहे काय? तेव्हां पुरुषांपैकीं शेंकडा ५७ जणांनीं होय म्हटलें, तर स्त्रियांपैकीं शेंकडा ३३ जणींनीं. महाराष्ट्रांतहि पुरुष सुमारें ६२ आणि स्त्रिया ३८ असाच मेळ होता. गोमंतकांत मात्र शेंकडा ७० हून अधिक स्त्रियांनीं होकार दिला. म्हणजे हें अंतर कांहीं विधिलिखित नव्हे. प्रश्न एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द ‘स्वतः’ हा होय.

हा शब्द माझ्या ध्यानीं आला तो २०२४ च्या कार्तिकांत.

माझ्या थोरल्या वहिनी पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. बंधूंच्या पश्चात् त्यांस कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें. त्यांच्या फोनवर पैसे देण्याघेण्याची सोय पुतण्यानें करून दिली, ती त्यालाच सोईचें पडावें म्हणून. पिन म्हणजे गुप्तांक त्यानें एका चिठोऱ्यावर लिहून दिला. तो वहिनींनीं पोथीच्या रुमालांत ठेविला. नोव्हेंबर हा पेन्शनरांनीं हयातीचा दाखला देण्याचा महिना. हल्लीं तो दाखला फोनवरूनहि देतां येतो, हें वहिनींनीं ऐकलें होतें. एके दुपारीं घरांत कोणी नसतां फोन आला. बोलणारा मोठा आर्जवी. “आजी, दाखला आला नाहीं, पेन्शन बंद होईल. मी सांगतों तसें करा,” असें म्हणून त्यानें एक नंबर घालावयास लाविला आणि पुढच्या चौकटींत दाखल्याचा अनुक्रमांक म्हणून १९२५० हा आंकडा घालण्यास सांगितलें. मग गुप्तांक. “पहिल्यानें नोंद झाली नाहीं, पुन्हां एकदां करा.” वहिनींनीं पुन्हां केलें. ३८ हजार ५०० रुपये गेले.

ती चौकट अनुक्रमांकाची नव्हती, रकमेची होती. तसें तिच्यावर लिहिलेंहि होतें, पण इंग्रजींत. ज्या बाईनें ज्ञानेश्वरीचीं कित्येक पारायणें केलीं, जी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, ती आपल्या हातांतील यंत्रापुढें निरक्षर ठरली. आणि तेंच यंत्र मराठींत बोलतें करण्याची सोय त्यांतच होती! ती कोणीं केली नव्हती. कारण तो फोन वहिनी वापरतील असें आम्हां कोणाच्याच मनांत नव्हतें.

याहून मोठें नुकसान पुढें झालें. वहिनींनीं तीन दिवस कोणास कांहीं सांगितलें नाहीं. चौथ्या दिवशीं त्या जेवावयास बसल्या नाहींत, तेव्हां सूनबाईनें खोदून विचारलें आणि प्रकार उघड झाला. अशा फसवणुकीची वर्दी १९३० या नंबरावर ताबडतोब दिली तर रक्कम मध्येंच अडवून धरण्याचा संभव असतो. पहिले कांहीं तास मोलाचे. आम्हीं वर्दी दिली ती चौथ्या दिवशीं. पैसे परत आले नाहींत.

मीं वहिनींस विचारलें, “वहिनी, निदान आकडा घालण्यापूर्वीं आम्हांपैकीं कोणाला तरी फोन करून विचारावयाचें होतें.” त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, “भाऊजी, विचारलें कीं तुम्ही मंडळी हातांतून फोन घेऊन काम करून टाकतां. शिकवीत कोणी नाहीं. म्हटलें, एक काम तरी आपलें आपण करूं.”

सदतीस वर्षें मीं लोकांचीं मुलें शिकविलीं. या उत्तरापुढें मला बोलतां आलें नाहीं.

त्या रात्रीं मीं घराची गणना नव्यानें केली. या वेळीं जोडण्या मोजल्या नाहींत. घरांतील तीन मुलें वगळतां प्रौढ माणसें आठ. त्यांपैकीं पैसे देणें, खात्यांतील शिल्लक पाहणें, गाडीचें तिकिट काढणें, दवाखान्याची वेळ घेणें, हीं कामें दुसऱ्यास न विचारतां करणारे किती? पुतण्या, त्याची पत्नी आणि माझा मुलगा, एकूण तीन. माझें ज्ञान अर्धवट. माझी पत्नी कीर्तनें ऐकते व नातलगांचीं छायाचित्रें पाहते. धाकटी बहीण केवळ आलेला फोन घेते. आणि माझी धाकटी सून, जी बी.कॉम. झालेली आहे, तिच्या फोनवर पैशाची सोयच नव्हती. कां, म्हणून विचारलें तर म्हणाली, “तें सगळें हेच बघतात.” दहा जोडण्यांच्या घरांत तीन माणसें जोडलेलीं होतीं.

असें कां व्हावें? आमच्यासारख्या घरांत पैशाची अडचण नाहीं, शिक्षणाची अडचण नाहीं, आणि विरोध तर मुळींच नाहीं. न्यायमूर्ति रानड्यांनीं रमाबाईंस लिहावयावाचावयास शिकविलें तेव्हां घरांतील बायकांनींच त्यांस किती छळलें, हें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. आज तसें कोणी छळीत नाहीं. आजची अडचण मायेची आणि घाईची आहे. “द्या इकडे, मी करतों,” या चार शब्दांत ती सांठविलेली आहे. करणाराचा एक मिनिट वांचतो, आणि दुसऱ्याचें परावलंबन वर्षानुवर्षें टिकतें.

मला माझी आजी आठवते. तिला अक्षरओळख नव्हती. मामाचें पोस्टकार्ड आलें कीं तें मी तिला वाचून दाखवीं, आणि वाईट बातमी असली तर वडिलांच्या सांगण्यावरून तेवढ्या ओळी गाळीत असें. तिला कधीं संशय आला असेल काय, कोण जाणे. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचणाराला दुसरा दाखवील तेवढेंच जग दिसतें. वहिनींची स्थिति याहून वेगळी नव्हती. फरक इतकाच कीं आजीच्या पोस्टकार्डांतून कोणास तिची पेटी उघडतां येत नव्हती, आणि या यंत्रांतून ती येते.

ती किती घरांची उघडली जाते, याचाहि वार्षिक आंकडा आहे. अशा यांत्रिक फसवणुकींत नागरिकांनीं गमावलेली रक्कम, सरकारकडे आलेल्या तक्रारींप्रमाणें, २०२३ सालीं सुमारें ७ हजार ४०० कोटि रुपये होती. २०२४ सालीं ती २२ हजार ८०० कोटींच्या वर गेली. एका वर्षांत तिप्पट. जोडण्या वाढल्याचा आनंद ज्या वहींत लिहावयाचा, त्याच वहींत ही ओळहि लिहिली पाहिजे.

पुढच्या रविवारपासून आमच्या माजघरांत शाळा भरूं लागली. शिक्षिका माझी पंधरा वर्षांची नात, विद्यार्थी आम्ही चौघें-पांच जण. नियम पहिला असा कीं, शिकविणारानें आपले हात पाठीमागें बांधून बसावें; विद्यार्थ्याच्या फोनास बोट लावूं नये. नियम दुसरा, सर्वांचे फोन मराठींत करावेत आणि प्रत्येक चौकटीवरील शब्द मोठ्यानें वाचल्याखेरीज पुढें जाऊं नये. पहिला पाठ एक रुपयाचा: वहिनींनीं सूनबाईस एक रुपया पाठवावा, सूनबाईनें तो परत करावा. या एका पाठांत जें कळलें तें हजार सूचनांनीं कळलें नसतें. रुपया देतांना गुप्तांक लागला, घेतांना लागला नाहीं. “म्हणजे मला पैसे मिळणार असले तर हा आंकडा कोणी मागूंच शकत नाहीं!” असें वहिनी आपण होऊन म्हणाल्या.

दुसरा पाठ फोन ठेवून देण्याचा. हा आपल्या मंडळींस कठीण जातो, कारण समोरचा आदरानें बोलत असतां मध्येंच फोन ठेवणें हें आपणांस उद्धटपणाचें वाटतें. त्याचा आम्हीं सराव केला. नातू पोलिस-अधिकारी झाला. त्यानें दरडावून सांगितलें कीं तुम्हांस ‘डिजिटल अटक’ झाली आहे, खोलींतून हलूं नका. आपल्या देशाच्या कायद्यांत अशी अटक नाहींच, हें माझ्या पत्नीनें त्यास ठणकावून सांगितलें आणि फोन ठेविला. बँकेचें काम असेल तर पासबुकावरील नंबर पाहून आपण स्वतः फोन करावा, हा नियम भिंतीवर लिहिला. फोनला जोडलेल्या खात्यांत महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवून बाकीची निराळ्या खात्यांत ठेविली. १९३० हा नंबर देवघराच्या चौकटीवर चिकटविला. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम मीं स्वतः सांगितला: चूक झाली तर तात्काळ सांगावें, या घरांत कोणी कोणास वेंधळा म्हणणार नाहीं.

वर्षभरांत आठांपैकीं सहा माणसें आपलें काम आपण करूं लागलीं. वहिनी विजेचें बिल स्वतः भरतात, आणि भरल्याची पावती मला मुद्दाम दाखवितात. धाकटी सून आतां घराचा मासिक जमाखर्च आपल्या फोनवर पाहते, आणि मुलाच्या दोन चुका तिनें काढून दिल्या आहेत.

माझी बहीण मात्र शिकावयास तयार नाहीं. “मला नको तें,” असें ती म्हणते. प्रथम मला राग आला. पुढें वाटलें कीं तिलाहि अधिकार आहे. २०२१ च्या मे महिन्यांत १८ ते ४४ वयाच्या लोकांस करोनाची लस घेण्यासाठीं प्रारंभीं इंटरनेटवरच नोंदणी करावी लागे. ज्यांस ती येत नव्हती त्यांस येणाऱ्यांच्या दारीं जावें लागलें. सोय ही सोय राहावी, सक्ति होऊं नये. जेथें यंत्राची खिडकी उघडते तेथें माणसाची एक खिडकीहि उघडी ठेवावी, असें माझें मत आहे. परंतु ज्याला शिकावयाचें आहे त्याला न शिकविणें, आणि ज्याला नको आहे त्याच्यावर लादणें, हे दोन्ही दोष सारखेच.

वाचकहो, देशाचा आंकडा पुढेंहि वाढेल. तो वाढविण्यास कंपन्या समर्थ आहेत. तुमच्या घराचा आंकडा मात्र कोणी सरकारी कारकून येऊन मोजणार नाहीं. तो तुम्हांसच मोजावा लागेल. येत्या पाडव्यास संवत्सरफल वाचून झालें म्हणजे एका कागदावर दोन रकाने आंखा. एकांत घरांतील जोडण्या लिहा, दुसऱ्यांत तीं माणसें लिहा जीं त्या आपल्या हातानें, आपल्या भाषेंत आणि निर्भयपणें वापरूं शकतात. दोहोंतील वजाबाकी जेवढी येईल, तेवढा त्या वर्षाचा अभ्यास.